कोंडाजीची ओ

आमच्या गावच्या नाटकात मी राणी होतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसण्यासारखं फार नाही.

माझं नाव अलाउद्दीन. आम्ही मूळचे पौडचे. वडील शिलाईचं मशीन घेऊन भुकूमला आले, रस्त्याच्या कडेला दुकान टाकलं आणि आम्ही इथलेच झालो. मिशा मला उशिरा फुटल्या, त्याही विरळ. आणि नऊवारीचा काष्टा मला तिच्यापेक्षा नीट जमतो, असं माझी बायको दिलशादच चारचौघींत सांगायची. त्यामुळं भैरवनाथाच्या जत्रेचं नाटक ठरलं की राणी कोण, हा प्रश्न गावाला कधी पडला नाही. प्रश्न असायचा तो राजाचा. ही गोष्ट त्या राजाची, म्हणजे कोंडाजीची.

कोंडाजी भातशेती करणारा साधा माणूस. डोंगराच्या पायथ्याला त्याची खाचरं होती. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की रानडुकरं उतरायची, म्हणून शेतातल्या माळ्यावर बसून हाकारे घालायचे, हे त्याचं लहानपणापासूनचं काम. त्या हाकाऱ्यांनीच त्याचा गळा घडवला. कोंडाजी इथं ओरडला की भूगावची डुकरं पळतात, असं गाव म्हणायचं. गाव वाढवून बोलतं, पण अगदीच खोटं बोलत नाही. बरं, त्या आवाजात नुसता जोर नव्हता. एखादं वाक्य तो हळू बोलला तरी पार मागं पिंपळाखाली बसलेल्या म्हातारीपर्यंत जायचं आणि तिचा पदर डोळ्याला लागायचा. हे कुणाला शिकवून येत नाही.

राजाचं काम पूर्वी हैबतराव पाटील करायचे. तो त्यांच्या घराचा मानच होता. पाटील दिसायला राजबिंडे, पण पाठांतराच्या नावानं बोंब. एका जत्रेत भर दरबारात त्यांचं वाक्य गेलं ते गेलंच. कोंडाजी तेव्हा द्वारपाल होता, भाला धरून मागं उभा. त्यानं तोंड फारसं न हलवता पाटलांचं वाक्य म्हटलं, मग पुढचंही म्हटलं, आणि पाटील नुसते हातवारे करत राहिले. सबंध प्रवेश असा पार पडला. प्रयोग संपल्यावर आम्हाला वाटलं, आता कोंडाजीची काही धडगत नाही. पाटलांनी कमरेची लाकडी तलवार सोडली आणि त्याच्या हातात दिली. आवाज ज्याचा त्याचं राज्य, एवढंच म्हणाले. दिलदार माणूस होता. ही पन्नास सालच्या आसपासची गोष्ट.

मी कोंडाजीसाठी जांभळ्या मखमलीचा नवा अंगरखा शिवला. छाती अशी भरदार की मखमल पुरेना, म्हणून पाठीला साधं कापड लावलं आणि त्याला बजावलं, लेका, लोकांकडं पाठ करू नको. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की पुढं कित्येक वर्षं आमचा राजा रंगमंचावरून उलट्या पावलांनी जायचा.

नाटक दरसाल तेच. गावात पूर्वी एक मास्तर होते, त्यांनी लिहिलेलं. धाकटा भाऊ राज्याच्या हावेनं थोरल्याला झोपेत मारतो. नाटक उघडतं ते थोरल्याच्या प्रेतावर. राणी, म्हणजे मी, त्या प्रेतापाशी रडत असते आणि मारणारा आपलाच नवरा आहे हे तिला ठाऊक नसतं. मग धाकटा गादीवर बसतो, वाढतो, माजतो. राणीला खरं कळतं तेव्हा ती विष घेते. शेवटी राजा एकटा उरतो आणि पुतण्याच्या तलवारीनं मरतो. थोरल्या भावाला तोंडातून शब्द काढायचा नसे, नुसतं पडून राहायचं. ते काम कायम गेणबाकडं, कारण दुसरं कुठलंही काम त्याला जमलं नव्हतं. पडून राहायचंही पुरतं जमायचं नाही. एकदा मी ऊर बडवून रडत असताना प्रेत घोरायला लागलं.

आता आमच्या गावची रीत सांगतो, कारण सगळं घडलं ते तिच्यापायी. नाटकात जो मरेल त्याला पडदा पडायच्या आधी त्याच्या बायकोनं उठवायचं, बायको नसली तर आईनं. तिनं भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन विंगेतून पुढं यायचं, तुकडा त्याच्यावरून ओवाळायचा, डोळ्यांना पाणी लावायचं आणि त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या. त्यानं ‘ओ’ द्यायची, उठायचं, मगच पडदा. फार पूर्वी म्हणे एक जण नाटकात मेला, आपला आपण उठला आणि घरी गेलाच नाही, डोंगरातच वेडा होऊन फिरत राहिला. सोंगात गेलेल्या माणसाला घरच्या माणसानं बोलावून आणावं लागतं, नाहीतर तो तिकडंच राहतो, असा गावाचा समज. दिलशादलाही यातून सुटका नव्हती. विष पिऊन मी पडलो की ती डोक्यावरचा पदर सावरत यायची आणि माझ्या नावानं हाका मारायची. राणीच्या वेषात मी बाप्याच्या आवाजात ‘ओ’ म्हणालो की जत्रा पोट धरून हसायची.

तुम्हाला यात काय विशेष वाटायचं नाही. पण त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाटकात मरणाऱ्याच्या बायकोच्या तोंडी मात्र वर्षातून एकदा, अख्ख्या गावासमोर, नवऱ्याचं नाव यायचं.

कोंडाजीची साळूबाई नवी लग्न होऊन आली होती, त्या वर्षी तिनं पहिली हाक मारली ती तिची तिलाही ऐकू गेली नसेल. लोक म्हणाले, ऐकू आलं नाही. दुसरी हाक थोडी वर आली. कोंडाजी डोळे मिटून पडलेला, ऐकू येत होतं तरी ओ देईना. मिशीतल्या मिशीत हसत होता. मी जवळच विंगेत होतो, मला दिसत होतं. तिसऱ्या वेळी साळूबाईला राग आला आणि तिनं ‘कोंडाजी’ म्हणून असा टाहो फोडला की तो टुणकन उठून बसला. अंगरख्याची पाठ त्या वेळी सगळ्यांना दिसली. त्यानंतर कितीतरी दिवस बायका पाणवठ्यावर तिला चिडवायच्या. ती लाजायची, पण दर जत्रेला सगळ्यांच्या आधी तिचाच तांब्या घासून लखलखीत असायचा.

चार-पाच वर्षांत कोंडाजीचं नाव झालं. महाळुंग्यापासून माणसं बैलगाड्या जोडून नाटकाला येऊ लागली. आणि कोंडाजीच्या डोक्यात पुणं शिरलं. तिथली खरी नाटकगृहं, खरे पडदे, खुर्च्यांवर बसलेली माणसं. शेतात काम करतानाही तो राजाची वाक्यं म्हणायचा. आपला आवाज डुकरं हाकायला नाही, असं त्याला वाटायला लागलं. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटत होतं, आम्हीच त्याला चढवलं. देवानं एवढा गळा दिला तो काय खाचरात पुरायला, असं मीच त्याला दहादा म्हणालो असेन, आणि आजही ते मला खोटं वाटत नाही.

पुण्याच्या एका नाटक कंपनीचे मालक जत्रेला येणार असं कळलं ते छप्पन सालचं असावं. कोंडाजी अंगरख्याचं माप द्यायला दुकानात आला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. मग म्हणाला, “अलाउद्दीन, राजा मरतो तवा मानसं रडत असत्यात. म्या डोळं मिटून ऐकत असतो. आन् तेवढ्यात साळू भाकरतुकडा घिऊन येती, आन् रडनारी मानसं हसाय लागत्यात. समदं मरान वाया जातं.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हेच तर दुखणं आहे. राजा मरतो तो क्षण त्यानं वर्षानुवर्षं घासूनपुसून केला होता आणि त्यावर दरसाल भाकरीचा तुकडा पडत होता. या वर्षी हाक नको, असं त्यानं ठरवलं. गुरवानं समजावलं, पाटलांनी समजावलं. गेणबासुद्धा म्हणाला की बाबा, मला तर आई हाक मारते म्हणून जाग येते. कोंडाजी हटला नाही. राजा मेला की मेला, त्याला बायकोनं उठवलं तर तो कसला राजा, असं त्याचं उत्तर. साळूबाईला त्यानं घरीच बसायला सांगितलं आणि पडदा ओढणाऱ्या नथूला बजावलं की मी पडलो की लगेच पडदा सोड, कुणासाठी थांबू नको.

साळूबाई आली. माझं विष पिऊन, ओ देऊन झालं होतं, मी विंगेत येऊन उभा राहिलो तर ती शेजारीच होती, तांब्या आणि तुकडा घेऊन. मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “त्येंचं त्येंनी सांगितलं. माजं मी आले.”

त्या दिवशीसारखा राजा मी पुन्हा पाहिला नाही. वार बसला, तो गुडघ्यावर आला, डोक्यावरचा मुकुट त्यानं स्वतःच्या हातांनी काढला आणि जपून जमिनीवर ठेवला. हे मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं. मग तो आडवा झाला. साळूबाईनं पाऊल पुढं टाकलं आणि नथूनं दोर सोडला. पडदा तिच्या तोंडासमोर पडला.

टाळी एकच वाजली, पुढच्या खुर्चीतून, कंपनीच्या मालकांची. बाकी गाव बसून होतं. कुणी उठेना, कुणी बोलेना. हाक ऐकू यायची वाट बघत होते सगळे. पडद्याआड कोंडाजी आपला आपण उठला, तोंडावरचा रंग पुसला आणि साळूबाईच्या अंगावरून थेट मालकांकडं गेला. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी तसंच होतं. तुकडा तिनं पदरात गुंडाळला आणि ती घरी गेली. वाटेत बायकांनी विचारलं, हाक मारलीस का. ती चालतच राहिली.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं हैबतराव पाटील बोलले ते गावाच्या मनात रुतून बसलं. “गावानं त्याला मरताना बघितलंय. उठताना न्हाई बघितलं.”

कोंडाजी पुण्याला गेला. शेत साळूबाईकडं आलं. माळ्यावर बसून तीच हाकारे घालायची, पण डुकरं बाईच्या आवाजाला कितपत भितात कोण जाणे. मूलबाळ नव्हतं. पहिल्या दिवाळीला कोंडाजी आला तो मिशी काढून. तिच्याशी तो पुण्यातल्यासारखं शुद्ध बोलायला लागला, ‘हाय’ सोडून ‘आहे’ म्हणायला लागला. ती दिलशादला सांगत होती, “त्यो राजाच बोलतोय अजून. आमचा मानूस तितंच पडलाय, पडद्याच्या मागं.” बोलताना रडली नाही, म्हणून दिलशाद जास्त घाबरली.

मी अस्तर आणायला पुण्याला जायचो तेव्हा त्याला भेटायचो. पहिल्या भेटीत त्याचा उत्साह मावत नव्हता. दुसऱ्या भेटीत तो मला चहा पाजत होता आणि डोळे दुसरीकडं होते. हळूहळू सगळं कळलं. तिथं रंगमंचावर मायक्रोफोन टांगलेले. कोंडाजी बोलला की ते किंचाळायचे. दिग्दर्शक म्हणायचे, आवाज खाली घ्या. त्यानं खाली घेतला तर उरलं काय, नुसती मावळी बोली. ती ऐकून बाकीचे नट तोंडावर रुमाल धरायचे. एकदा मुख्य नट आजारी पडला म्हणून कुठल्याशा गावी त्याला राजा केलं. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते समोर आलं. त्याला राहवलं नाही, मायक्रोफोन विसरून तो जत्रेत बोलायचा तसा बोलला. लोक हसले. राजा मरतानाही हसले.

त्यानंतर कंपनीनं त्याला पडद्याआड ठेवलं. वादळ पाहिजे, कोंडाजी ओरडायचा. हत्ती पाहिजे, कोंडाजी ओरडायचा. राक्षस, सैन्य, आगीतून पळणारी माणसं, सगळा कोंडाजीच. दौऱ्यावर दौरे, आणि गळ्याला विसावा नाही. एवढं होऊनही तो गावाकडं येईना, कारण कोणत्या तोंडानं यायचं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दर्जी माणूस मी, हाताला कळलं की छाती चार बोटं कमी झालीय.

साठ-एकसष्टच्या सुमारास तो परत आला. आवाज जुनं कापड टरकावं तसा झाला होता. जत्रा जवळ आली तशी तो पाटलांकडं गेला आणि राजाचं काम मागितलं. काम पाटलांच्या पुतण्याकडं गेलं होतं, माझा मखमली अंगरखाही. पाटील म्हणाले, द्वारपालाचं काम आहे, ते घे, तिथूनच तू वर आलास. पाटलांच्या मनात वाईट नव्हतं. पण कोंडाजी राजा होता ना. तो म्हणाला, राजाचं नाहीतर कुठलंच नाही, आणि उठून आला. मी त्याला फार बोललो त्यावर. तुझ्या ताठ्याला आग लाव, म्हणालो. तो नुसता हसला.

त्याच संध्याकाळी चुलीपाशी त्यानं साळूबाईला म्हटलं की मला एकदा हाक मार. तिनं भाकरी थापता थापता नाही म्हणून मान हलवली. “घरात हाक मारून मेल्याला मानूस उठतो व्हय? जितं पडला तितं जाऊन पडा. गावाच्या म्होरं. मग मारीन.” हे तिनंच दिलशादला सांगितलं. दिलशाद तिला म्हणाली, एवढी कठोर कशी गं तू. तर साळूबाई म्हणाली की मी मनातल्या मनात रोज मारते, पण ती रीत नव्हं.

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता नाही येत. तिनं रीत मोडून घरात हाक मारली असती आणि तरी तो परत आला नसता, तर तिच्याकडं काय उरलं असतं?

दोन वर्षं तो खाचरात राबला. बोलणं कमी कमी होत गेलं, मग घोट गिळवेना. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गळ्यात वाईट गाठ आहे, आवाजाची पेटीच काढावी लागेल. काढली. गळ्याला भोक ठेवलं, त्यातून श्वास चालायचा. त्यावर बांधायला मी त्याला मलमलीचे रुमाल शिवून दिले. ज्याच्या गळ्यावर गाव जीव टाकायचं त्या गळ्यातून आता फक्त वारा यायचा. एका माणसाचं इतकं काढून घ्यावं का, असं मी नमाजाला बसून विचारलं होतं.

पुढच्या चैत्रात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा तो दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभा राहिला. मग खाली जमिनीवर, चिंध्यांमध्ये, आडवा झाला. हात छातीवर जोडले, डोळे मिटले. मला आधी वाटलं, चक्कर आली. मी धावलो तर त्यानं डोळे उघडून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, माझ्याकडं बोट दाखवलं, हातानं ऊर बडवून रडल्यासारखं केलं आणि परत पडून राहिला.

तेव्हा उमगलं. मी ज्याच्यापाशी बसून रडतो ते काम तो मागत होता. प्रेताचं. गेणबाचं.

मी पाटलांकडं गेलो. हैबतराव थकले होते, बाजेवरच असायचे. मी सांगितलं. ते बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, “गेनबाला म्या सांगतो. आन् कोंडाजीला म्हनावं, तोंड गावाकडं करून झोप.”

गेणबाला सांगायची गरजच पडली नाही. ऐकल्याबरोबर तो म्हणाला की माझी झोप तरी नीट होईल, आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

जत्रेच्या दिवशी मी त्याला रंगपटात तयार केलं. थोरल्या राजाला पांढरं वस्त्र असे. गेणबाचं वस्त्र त्याला दोन वेळा गुंडाळावं लागलं. गळ्यावरचा रुमाल दिसू नये म्हणून मी फुलांचा हार जरा वर ओढला, तर त्याचा श्वास कोंडायला लागला. मग रुमाल दिसला तर दिसला, म्हणून हार खाली घेतला. शेजारी पाटलांचा पुतण्या माझा जांभळा अंगरखा घालून आरशात मुकुट बसवत होता. कोंडाजीनं त्याला हातानं जवळ बोलावलं, मुकुट थोडा डावीकडं कलता केला आणि तो ठीक बसला आहे अशी मान हलवली. मी तिथून उठून बाहेर गेलो.

पडदा उघडला. गॅसबत्त्यांच्या उजेडात कोंडाजी पडला होता, तोंड गावाकडं. गावाला ठाऊक होतं, तरी एक कळ उठल्यासारखा आवाज सगळीकडून आला. मी रडायला सुरुवात केली. इतकी वर्षं तेच शब्द म्हणून मी रडलो होतो आणि डोळ्यात टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी शब्द आले नाहीत, नुसतं रडू आलं. काजळ गालावर उतरलं. कोणी म्हणालं असेल, अलाउद्दीन आज चांगलं काम करतोय. कोंडाजीच्या गळ्यातून बारीक शीळ वाजत होती, ती फक्त मला ऐकू येत होती.

प्रवेश संपला. नथू दोर धरून उभा राहिला. साळूबाई विंगेतून आली.

तिनं भाकरतुकडा ओवाळला. बोटं ओली करून त्याच्या डोळ्यांना लावली. मग उभी राहून हाक मारली, “कोंडाजी.” आवाज कापला नाही. दुसरी हाक मारली. तिसरी हाक तिनं अशी मारली की मला ती पहिली जत्रा आठवली, तिला राग आला होता ती.

आणि गाव थांबलं. रीतच तशी. ओ आल्याशिवाय पडदा पडत नाही, ओ आल्याशिवाय कुणी हलत नाही. कोंडाजीचे डोळे उघडे होते. ओठ गोल झाले. मानेच्या शिरा ताठ झाल्या, हार हलला, रुमाल फडफडला. तो सगळा जोर लावत होता, माळ्यावरून डुकरं हाकायला लावायचा तेवढा. आवाज आला नाही. नथूनं माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार. आपणच ओ द्यावी का, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण दुसऱ्याची ओ कशी देणार. पुढं बाजेवर आणून बसवलेले पाटील खाली मान घालून बसले होते.

साळूबाई वाकली. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला. तशीच थोडा वेळ राहिली. मग सरळ झाली आणि गावाकडं तोंड करून म्हणाली, “दिली त्येंनी ओ. म्या ऐकली.” आणि त्याच्याकडं वळून, “उठा आता. घरी चला.”

तो उठला. तिच्या हाताला धरून उठला. नथूच्या हातून दोर सुटला की त्यानं सोडला, कोण जाणे, पडदा खाली आला. पलीकडं गाव एका वेळी बोलायला लागलं, बायका मोठ्यानं रडायला लागल्या. नाटकाचा पुढचा प्रवेश सुरू करायला बराच उशीर झाला. ती दोघं त्यासाठी थांबली नाहीत. मागच्या वाटेनं घरी गेली. तो पुढं, ती मागं, तिच्या हातात रिकामा तांब्या.

त्यानंतर कोंडाजी काही महिने जगला. शेताच्या बांधावर बसायचा, साळूबाई हाकारे घालायची. ती बोलायची, तो मान हलवायचा. दोघांचं असं बरंच काही चालायचं. मी मध्ये जाऊन बसलो तर मला परक्यासारखं वाटायचं.

भात कापायच्या आत तो गेला. आम्ही तिरडी बांधली. गावातली सगळी माणसं दारात. उचलायची वेळ झाली तेव्हा शेजारची म्हातारी रंभाबाई साळूबाईला हलवून म्हणाली, एकदा हाक मार गं, नाव घे, मन मोकळं होईल. आम्ही खांद्याला लावायला वाकलेले, तसेच थांबलो.

साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “आता कशाला हाक? घरी आलेला मानूस चाललाय.”

तिनं पदर तोंडाला लावला. आम्ही त्याला उचललं. पुढच्या बाजूला नथू आणि गेणबा, मागं मी आणि पाटलांचा पुतण्या. वजन काहीच नव्हतं.